दगडावरचे नाव, वहीतले पान
(हीरक महोत्सवी समारंभातील व्याख्यानाचा लेखी पाठ)



दिल्लीत वाढणाऱ्या मुलाला इंडिया गेट ओळखीचे असते ते फुगेवाल्यांमुळे, आइस्क्रीमच्या गाड्यांमुळे आणि सुटीच्या दिवशीच्या गर्दीमुळे. ४२ मीटर उंचीची ती कमान पहिल्या महायुद्धाचे स्मारक आहे, हे त्याला पाठ्यपुस्तकातून कळते. परीक्षेत तो तेवढे लिहितो आणि गुणही मिळवतो. मात्र त्या कमानीवर कोरलेल्या १३,००० हून अधिक नावांपैकी एखादे नाव सांग, असे म्हटले तर तो गप्प होतो. त्याचे पालकही गप्प होतात. साठ वर्षे परप्रांतात मराठी शिकवत आलेल्या शाळेने या मौनाचा विचार करावा, एवढाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

या कमानीची पायाभरणी १० फेब्रुवारी १९२१ रोजी झाली आणि १२ फेब्रुवारी १९३१ रोजी तिचे अनावरण झाले. ल्युटेन्स या वास्तुकाराने ती उभारली तेव्हा सत्ता परक्यांची होती. फ्रान्स, मेसोपोटेमिया, पूर्व आफ्रिका, गॅलिपोली अशा दूरच्या रणभूमींवर पडलेले शिपाई मात्र इथल्याच मातीतले होते. तीन मूर्ती चौकातील तीन पुतळेही असेच रोज डोळ्यांसमोर असूनही न दिसणारे. हैदराबाद, म्हैसूर आणि जोधपूर या संस्थानांच्या घोडदळांचे ते प्रतिनिधी. २३ सप्टेंबर १९१८ रोजी भालाईत स्वारांनी हैफा शहर काबीज केले. त्या चौकाच्या नावात २०१८ साली ‘हैफा’ हा शब्द जोडला गेला तो त्यामुळे. शाळेची बस तेथून रोज वळसा घेत असेल, तर इतिहासाचा एक धडा रोज वाटेवर उभा आहे.

इंडिया गेटच्या जवळच २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय युद्ध स्मारक खुले झाले. अमर चक्र, वीरता चक्र, त्याग चक्र आणि रक्षक चक्र अशी त्याची चार वर्तुळे आहेत. त्यांतील त्याग चक्रात स्वातंत्र्योत्तर काळात कामी आलेल्या २५,००० हून अधिक सैनिकांची नावे ग्रॅनाइटच्या पाट्यांवर कोरलेली आहेत. येथील नावे नजरेच्या उंचीवर आहेत. मूल ती बोटाने वाचू शकते, आणि शिकवण्याच्या दृष्टीने हीच त्या स्मारकाची मोठी सोय आहे. शंभर मुलांना रांगेने फिरवून परत आणले, तर त्यांच्या हाती एक सामूहिक छायाचित्र उरते. प्रत्येक मुलाला एकच नाव निवडायला सांगितले, तर त्याच्या हाती एक माणूस येतो.

त्या एका नावाभोवती चार प्रश्न पुरेसे असतात. हा कोठला? कोणत्या पलटणीत होता? कोठे आणि केव्हा पडला? त्याच्या मागे घरी कोण राहिले? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे बहुधा नोंदींतून मिळतात. चौथ्यासाठी माणसांकडे जावे लागते, आणि खरे शिक्षण तेथून सुरू होते.

या शाळेतील मुलांच्या बाबतीत आणखी एक धागा आहे. त्यांची घरे दिल्लीत असली, तरी मे महिन्यात अनेकांची पावले सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगडकडे वळतात. तेथील कित्येक गावांत चावडीच्या किंवा जुन्या शाळेच्या भिंतीत एक लहान संगमरवरी पाटी असते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके पुरुष गेले आणि त्यांपैकी इतके परतले नाहीत, एवढाच तिचा मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या गावाने त्या युद्धात ४६ जवान गमावले. गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द लागला तो अशा परंपरेमुळे. पण अशा पाट्यांवर बहुधा आकडाच असतो. नावे नसतात.

हा आकड्यांचा हिशेब गावापुरता राहिला नाही. डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा येथे वेढ्यात अडकलेल्या सैन्यात १०३वी, ११०वी आणि ११७वी या मराठा पलटणी होत्या. उपासमारीला तोंड देत त्या सैन्याने २९ एप्रिल १९१६ पर्यंत तग धरला. शरणागतीनंतरच्या कैदेत आणि वाळवंटातील पायपिटीत असंख्य शिपाई मेले. मेसोपोटेमियातील मृतांसाठी बसरा येथे स्मारक झाले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली आणि हिंदी अधिकाऱ्यांचीही. हिंदी शिपायांची मात्र पलटणीगणिक फक्त संख्या कोरली गेली. युद्धस्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ साली आपल्या अहवालात या विषमतेची जाहीर कबुली दिली. दगडाने गाळलेली नावे नोंदवहीत शोधता येतात. त्या कमिशनची यादी आज संगणकावर सर्वांना खुली आहे आणि अनेक नोंदींत सैनिकाच्या वडिलांचे नाव आणि गावही दिलेले असते. दिल्लीत बसलेले आठवीतील मूल आपल्या आजोळच्या पाटीवरील आकड्याला नाव मिळवून देऊ शकते. शंभर वर्षे राहून गेलेले काम एका शालेय प्रकल्पात पुढे सरकू शकते.

एका नावाचा प्रवास किती दूरवर जातो, याचे उदाहरण म्हणून नाईक यशवंत घाडगे यांच्याकडे पाहावे. रायगड जिल्ह्यातील माणगाव परिसरातला हा तरुण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होता. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याच्या तुकडीतील सारे सहकारी मारले गेले किंवा जखमी झाले. तो एकटा शत्रूच्या मशीनगनवर धावून गेला, ते ठाणे त्याने मोडून काढले आणि तेथेच तो गोळीला बळी पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याची समाधी कोठेही नाही. नाव आहे ते इटलीतील कासिनोच्या स्मारकावर, आणि पुतळा माणगावात. नकाशावर हे दोन बिंदू जोडणाऱ्या मुलाला दुसऱ्या महायुद्धाचे प्रकरण वेगळे पाठ करावे लागत नाही.

असे शिकवताना काही अवघड प्रश्न मुलांकडूनच येतील, आणि ते यावेत. हे शिपाई इंग्रजांसाठी लढले, मग त्यांना का आठवायचे? याला एका वाक्यात उत्तर नाही. कोणी दुष्काळाने गेले, कोणी घराण्याच्या रीतीने, कोणी पगारासाठी. त्याच काळात याच देशात स्वातंत्र्याचा लढाही चालू होता. हे दोन्ही एकाच वर्गात शिकवता आले पाहिजे. माणसाचे मरण आणि त्याला मरणाकडे धाडणारी सत्ता यांचा विचार वेगळा करता येणे, ही नववी-दहावीच्या इतिहासाची खरी परीक्षा आहे. पलीकडच्या बाजूचेही कोणाचे तरी मुलगे होते, हेही त्याच तासाला सांगावे लागते.

पाचवी-सहावीच्या मुलांना केवळ नाव, गाव आणि नकाशा पुरे. मोठ्या मुलांनी पत्रे आणि बातम्या वाचाव्यात. सैनिकाच्या घरी जायचे झाल्यास आधी परवानगी घ्यावी, मोठ्यांना नमस्कार करावा, थोडे विचारावे आणि जास्त ऐकावे. वीरमाता, वीरपत्नी हे शब्द व्यासपीठावर शोभतात. घरात मात्र ती एक आई असते, किंवा एकटीने मुले वाढवलेली बाई. तिने बोलणे टाळले, तर वहीतील ते पान कोरे ठेवावे. ते कोरे पानही मुलांना काही शिकवते. आणि जे लिहिले जाईल त्याची एक प्रत त्या घरी पोचवावी. ही साधी परतफेड विसरली, तर अभ्यास लुटीसारखा होतो.

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने इमारतीला रंग लागतो, फलक लागतात, त्यांवर देणगीदारांची नावे येतात. ते योग्यच आहे. त्याबरोबर ग्रंथालयात एक जाड वही ठेवावी. दर वर्षी प्रत्येक वर्गाने तीत एका सैनिकाचे एक पान मराठीत लिहावे. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या शहरातील स्मारकांची छायाचित्रे पाठवावीत. पालकांनी या मे महिन्यात गावी गेल्यावर चावडीच्या भिंतीपाशी मुलाला घेऊन जावे, पाटीवरची धूळ पुसावी आणि आकडा मोठ्याने वाचावा. मग गावातील सर्वांत वृद्ध माणसाला विचारावे, यांतले कोण कोण आठवतात? प्रश्न विचारायला उशीर झाला आहे. पण वृद्धांकडून त्यांच्या आजोबांनी सांगितलेले एखादे नाव अजूनही निघू शकते. आणखी दहा वर्षांनी ते निघणार नाही.

शाळेच्या शतक महोत्सवाला जी मुले येथे बसतील, त्यांच्या हाती ती वही पडावी.