लघवीचा त्रास आणि पुरुषांचे मौन



वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून 'समाजस्वास्थ्य'कार र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली न्यायालयात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेबांनी मांडली. म्हणून या व्यासपीठावर हा विषय मांडण्यास मला संकोच नाही.

पन्नाशीनंतर अनेकांची प्रोस्टेट ग्रंथी वाढते. रात्री वारंवार उठावे लागते, धार बारीक होते. माणूस म्हातारपण समजून सोसतो. पण अशा पुरुषांत लैंगिक दुर्बलताही अधिक आढळते. अमेरिका व युरोपातील मोठ्या पाहणीत २००३ साली दिसले की, वय सारखे असले तरी लघवीचा त्रास जास्त, तिथे दुर्बलताही जास्त. दोन्हींच्या नसा व रक्तवाहिन्या जवळजवळच्या. मधुमेह आणि रक्तदाब दोन्हींना ग्रासतात.

तेव्हा डॉक्टरांना दोन्ही तक्रारी एकदमच सांगा. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनीही कामेच्छा किंवा वीर्यस्खलन कमी होते. गोळी मनाने बंद करू नका, विचारून बदलून घ्या. लघवीत रक्त दिसले किंवा लघवी अडली तर तत्काळ रुग्णालय गाठा.

विद्यार्थी मित्रहो, भिंतीवरच्या 'गुप्तरोग' जाहिरातींकडे वडील वळण्याआधी त्यांना परभणीच्या जिल्हा रुग्णालयात तुम्हीच घेऊन जा. जयभीम!