ते मूल हट्टी नाही
(बोरी, ता. जिंतूर, जि. परभणी येथील तरुणांसमोर केलेले भाषण)



तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं एक दृश्य सांगतो. लग्नाचा मांडव आहे. डीजे सुरू होतो आणि चार-पाच वर्षांचं एक मूल कानांवर हात ठेवून किंचाळत जमिनीवर लोळण घेतं. बायका म्हणतात, "लाडावून ठेवलंय." कुणी म्हणतं, "बाहेरचं दिसतंय, उतरवून आणा." आई मान खाली घालून मुलाला घरी नेते. पुढच्या लग्नाला ती येतच नाही.

या मुलाला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम असू शकतो. हा मेंदूच्या वाढीतला फरक आहे. 1943 साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी त्याचं सविस्तर वर्णन केलं. आपल्याला साधा वाटणारा आवाज, उजेड, गर्दी किंवा कपड्याची शिवण अशा मुलाला असह्य होऊ शकते. दुखतंय, भीती वाटते, भूक लागली, हे सांगायला शब्द नसतात, म्हणून ते ओरडतं. हात हलवणं, गोल फिरणं, गाडीचं चाकच फिरवत बसणं यातून ते स्वतःला शांत करतं. रोजचा रस्ता बदलला तरी ते बिथरतं. मारून यातलं काहीच थांबत नाही, उलट भीती वाढते.

आईच्या संगोपनामुळे ऑटिझम होत नाही. लसीमुळेही होत नाही. तसा दावा करणारा 1998 चा लेख 'लॅन्सेट'ने 2010 मध्ये मागे घेतला. तेव्हा या भीतीपोटी गोवराची लस चुकवू नका.

लक्ष कशाकडे द्यायचं? वर्षाचं मूल नावाने हाक मारली तरी वळत नाही, दीड वर्षाचं होऊनही बोटाने काही दाखवत नाही, नजर देत नाही, किंवा आलेले शब्द गेले, तर "मुलगे उशिराच बोलतात" म्हणून थांबू नका. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. त्यांना दाखवा, ते पुढे जिल्हा पातळीवर पाठवतात. जितक्या लवकर सुरुवात, तितका फायदा.

हक्कही माहीत असू द्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल, तर 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षण हा त्या मुलाचा हक्क आहे. 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो.

दुआ जरूर करा. पण दुआ आणि दवा यांचं भांडण नाही. आणि सब्र म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे.

तुमच्याकडून तीनच गोष्टी हव्यात. गल्लीत असं घर असेल तर फॉर्म भरायला आणि परभणीला जायला सोबत करा. आपल्या घरच्या लग्नात आवाज कमी ठेवा. आणि त्या आईला पुन्हा दावत द्या, मुलासह.