स्वप्न उभारणारे चित्रकार



महादेव मोरे यांच्या निपाणीत आपलं मनापासून स्वागत. पिठाची गिरणी चालवत त्यांनी तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायका मराठी साहित्यात आणल्या. काम कुणाचं आणि नाव कुणाचं, हे विचारायची खोड आम्हा निपाणीकरांना तिथूनच लागली. म्हणून आज एका चित्रकाराचं नाव घेतो.

राज कपूरच्या 1951 सालच्या ‘आवारा’तलं स्वप्न आठवा. ढगांतून वर गेलेला वळणांचा जिना, अजस्र मूर्ती, आगीच्या ज्वाळांचा नरक. नर्गिस आठवते, शंकर-जयकिशन आठवतात. पण ते स्वप्न उभारलं कुणी? कलादिग्दर्शक एम. आर. आचरेकरांनी. त्याआधी सहा वर्षं हिचकॉकच्या ‘स्पेलबाउंड’मधलं स्वप्न साल्वादोर दालीने रेखाटलं, त्याची चर्चा अजून जगभर चालते. आचरेकर काही दालीच्या पंथाचे नव्हेत. ते वास्तवदर्शी चित्रणात मुरलेले. माझ्या मते त्यांचं बळ तिथेच होतं. ज्याला माणूस हुबेहूब काढता येतो, त्यालाच तो हवा तसा वाकवता येतो. ‘रूपदर्शिनी’ या त्यांच्या पुस्तकात समोरच्या मॉडेलचं वास्तव चित्र आणि त्यावरून साकारलेलं भारतीय शैलीतलं रूप शेजारी शेजारी आहे. ‘कागज के फूल’चं कलादिग्दर्शनही त्यांचंच.

चित्रकाराने सिनेमात शिरण्याची ही वाट आपल्या शेजारच्या कोल्हापुरात आधीच मळलेली होती. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी कॅमेरा घरीच बनवला, तानीबाई कागलकरांनी भांडवल दिलं आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ आला. गंमत पाहा, पडदे रंगवून नाव कमावलेल्या या माणसानेच सिनेमातला रंगीत पडदा बाजूला सारून बांधीव देखावे उभे केले! दामले, फत्तेलाल, शांताराम त्यांच्याच हाताखाली घडले.

सेट चित्रीकरण संपलं की मोडतात, फळ्या दुसऱ्या कामाला लागतात. त्यांच्याबद्दल कुणी लिहिलं तरच काही उरणार. आम्ही मात्र नट-नट्यांवर रकानेच्या रकाने भरतो.

तेव्हा इथे आलेल्या तरुण लेखकांना विनंती: आचरेकरांवर, बाबूरावांवर सविस्तर लिहा. कोल्हापूर इथून तासाभराच्या अंतरावर आहे. तिथे जाऊन पाहायचं, विचारायचं असेल, तर मुक्काम वाढवा. राहण्या-जेवणाची सोय स्वागत समिती करेल.