ट्रंकेतलं ‘जर्मन’ मेडल

आजचा भाग गडमुडशिंगीचा. कोल्हापुरातून हुपरीला जाताना, विमानतळाच्या अलीकडं-पलीकडं जे गाव लागतं, तेच.

झालं असं, की तिथल्या माझ्या एका मित्राचा रात्री साडेदहाला फोन. “अरे, आज्जीच्या ट्रंकेत जर्मन मेडल सापडलंय. एकजण लाखभर द्यायला तयार हाय. फक्त पाच हजार आधी पाठव म्हणतोय, रजिस्ट्रेशनचे.”

म्हटलं, थांब. पैसे पाठवू नकोस. सकाळी येतो.

ही पाच हजारवाली भानगड तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर आली असेल. जुनं नाणं, जुनी नोट लाखात विका, पण आधी फी भरा. रिझर्व्ह बँकेच्या नावानंही हे चालतं, म्हणून २०२१ च्या ऑगस्टमध्ये बँकेनं स्वतः पत्रक काढून सांगितलं होतं, की आम्ही अशी कसली फी घेत नाही आणि कुणाला घ्यायचा अधिकारही दिलेला नाही. विकत घेणाऱ्यानं पैसे द्यायचे असतात राव, मागायचे नसतात.

सकाळी गेलो. सोप्यात आज्जी बसलेल्या. पुढ्यात जुन्या लुगड्याच्या तुकड्यात दोन वस्तू. एक काळपट, जड, तळहाताच्या मधोमध मावेल एवढी चकती. दुसरी जरा लहान, पांढरट, वर राजाचं डोकं. मित्राच्या बहिणीचं लग्न ठरलंय, त्यामुळं बेत असा, की काळी विकायची आणि पांढरी हुपरीला नेऊन आटवायची, पैंजणात घालायची. चांदी ती चांदीच.

“आमच्या मामंजींनी जर्मनला मारून त्याच्या छातीवरनं काढून आणलंय बाबा त्ये,” आज्जी काळ्या चकतीकडं बोट दाखवून म्हणाल्या. मामंजी म्हणजे मित्राचे पणजोबा. पहिल्या महायुद्धात पलटणीत होते, एवढं घरात सगळ्यांना माहीत.

आता ही काळी चकती. एका बाजूला बुडणारं जहाज, त्यावर तोफा आणि विमानं लादलेली. दुसऱ्या बाजूला तिकीट खिडकी, आणि खिडकीत तिकीट देतोय कोण? हाडांचा सापळा! आज्जी त्याला यम म्हणतात, आणि खरं सांगायचं तर ते बरोबरच आहे. वरची अक्षरं मोबाईलच्या कॅमेऱ्यानं वाचून घेतली. जहाजाच्या बाजूला लिहिलंय ‘निषिद्ध माल नाही’, सापळ्याच्या बाजूला ‘धंदा सर्वांत आधी’. दोन्ही टोमणेच. खिडकीवर कंपनीचं नाव, क्युनार्ड. खाली तारीख, ५ मे १९१५.

इथंच गाडी रुळावर आली. हे लुसिटानियाचं मेडल. लुसिटानिया हे क्युनार्ड कंपनीचं प्रवासी जहाज. न्यूयॉर्कहून लिव्हरपूलला निघालेलं हे जहाज आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ जर्मनीच्या यू-२० या पाणबुडीनं टॉर्पेडो मारून बुडवलं. अठरा मिनिटांत संपलं. सुमारे बाराशे माणसं गेली. म्युनिकमध्ये कार्ल गोएट्झ नावाचा मेडल घडवणारा कलाकार होता. त्याचं म्हणणं, युद्धसामान भरलेल्या जहाजात प्रवासी कोंबले, दोष कंपनीच्या लोभाचा. म्हणून त्यानं हे मेडल काढलं. स्वतःच्या हिमतीवर, सरकारनं सांगितलं म्हणून नव्हे. पण एक घोळ केला. जहाज बुडालं ७ मेला आणि त्यानं घातली ५ मे.

ब्रिटिशांना हे मिळाल्यावर त्यांनी काय करावं? त्यांनी स्वतःच त्याच्या नकला काढल्या. बघा, हे जर्मन लोक बायकापोरं बुडवतात आणि वर मेडल काढतात! तारीख दोन दिवस आधीची, म्हणजे बेत आधीच शिजला होता! लंडनच्या सेल्फ्रिजच्या पुढाकारानं सुमारे तीन लाख नकला निघाल्या, डबीत घालून, सोबत माहितीचा कागद, किंमत एक शिलिंग. पैसे युद्धातल्या जखमींच्या मदतीला. गोएट्झनं नंतर तारीख दुरुस्त केली, पण तोवर बाण सुटला होता. आपल्याकडं एखादा फॉरवर्ड फिरतो ना, तसंच. खुलासा मागनं चालत येतो.

मग आमच्या हातातलं कुठलं? मी मित्राच्या पोराकडनं खेळण्यातला लोहचुंबक मागितला. टक्! चिकटला. गोएट्झची मूळ मेडलं बहुतेक ब्राँझची, त्यांना चुंबक लागत नाही. ब्रिटिश नकला लोखंडाच्या. गोएट्झनं थोडी लोखंडाचीही काढली होती, म्हणून नुसत्या चुंबकावर निकाल देऊ नका. कड बघा. मूळ मेडलाच्या कडेवर सहसा त्याचं नाव असतं. आमची कड कोरी, नक्षीही बोथट, जिथं तिथं गंज. म्हणजे ही एक शिलिंगवाली. जर्मनाच्या छातीवर कधी नव्हतीच. ते छातीवर लावायचं मेडलच नव्हे, त्याला अडकवायला कडीसुद्धा नाही.

मित्राचं तोंड उतरलं. आज्जी काही बोलल्या नाहीत. मलाच वाईट वाटलं, कशाला आलो म्हणून.

आणि मग ती पांढरी चकती उचलली. तिच्याकडं कुणाचं लक्षच नव्हतं. एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा उघडा माणूस आणि १९१४-१९१८. हे ब्रिटिश वॉर मेडल. चांदीचं, तीस ग्रॅमच्या आसपास. साठ लाखांवर वाटली गेली, म्हणजे दुर्मीळ अजिबात नाही. पण त्याची गंमत कडेवर आहे. ज्याला दिलं त्याचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कडेवर ठोकलेली असते. बारीक असते, मळानं भरलेली. मोबाईलचा टॉर्च आडवा धरला, चकती हळूहळू फिरवली. घासायचं नाही बरं का! पितांबरी नको, चिंच नको. घासलं की अक्षरं जातात.

चार आकडी नंबर. मग ‘सिपॉय’. मग नाव. इंग्रजी साहेबानं वाट्टेल तसं लिहिलेलं, पण मित्रानं दोनदा मोठ्यानं वाचलं आणि तिसऱ्यांदा त्याला वाचता येईना. पुढं ‘११० मराठा’.

११० वी मराठा लाइट इन्फंट्री मेसोपोटेमियात होती, म्हणजे आजचा इराक. समोर जर्मन नव्हे, तुर्क. कुत अल-अमारा या गावात ही पलटण जनरल टाउनशेंडच्या फौजेबरोबर अडकली. सोबत १०३ आणि ११७ या आणखी दोन मराठा पलटणी. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, सुमारे एकशे पंचेचाळीस दिवस वेढा. धान्य संपत गेलं, घोडे-खेचरं मारून खाल्ली. बरेच हिंदी शिपाई धर्मामुळं कितीतरी दिवस ते मांस खाईनात आणि खंगत गेले. शेवटी सुमारे तेरा हजार जण शरण गेले, आणि कैदेत वाळवंटातून चालताना त्यातले पुष्कळ मेले.

कडेवरनं पलटण कळते. तो माणूस कुठल्या दिवशी कुठं होता, हे कळत नाही. मी आज्जींना तेवढंच सांगितलं, की पलटण तिथं होती, खायला नव्हतं.

आज्जी बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, “मी नवी सून आले तवा ताटात एक शीत राहिलं तर मामंजी उठू द्यायचे न्हाईत. कुणालाच न्हाई. धाकट्या दीरानं एकदा भाकरीचा तुकडा कुत्र्याला टाकला, तर दोन दिवस त्याच्याशी बोलले न्हवते. आमाला वाटायचं, चिक्कू हाय म्हातारा.”

बहीण आतनं ऐकत होती. बाहेर येऊन तिनं पांढरी चकती उचलली आणि म्हणाली, “पैंजण दुसरे बघू.”

जाता जाता दोन कामाच्या गोष्टी. असं काही सापडलं तर दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा, पट्टीनं मोजा. मग विचारा. आणि कुणी परदेशात पाठवायला सांगितलं तर पाठवू नका. शंभर वर्षं झालेल्या ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतात, आणि आपल्याला खासगीत त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

त्या पाच हजारवाल्याला मित्रानं चुंबक चिकटलेला व्हिडिओ पाठवला. त्यानं लगेच ब्लॉक केलं. काळी चकती आता पोराकडं आहे. तो शेजारपाजारच्या पोरांना यमाची तिकीट खिडकी दाखवतो, आणि दर वेळी चुंबक टक् करून लावून दाखवतो.