वाऱ्याची मोजपट्टी
(नाशिक येथील भाषणातून)

गोदेचा पूर आपण दुतोंड्या मारुतीवरून मोजतो: पाणी कमरेला लागले, छातीला लागले. वारा अशी खूण मागे ठेवीत नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धनच्या बागायतदाराला ते आठवते आडव्या झालेल्या पोफळींवरून. कोणती आजोबांची, कोणती वडिलांच्या हातची. या स्मृतीला अर्थशास्त्री भाबडी म्हणतील. मला तर ती चोख हिशेबाची वही वाटते. सरकारने सुरुवातीस फळबागांना हेक्टरी ५०,००० रुपये मदत ठरविली. म्हणजे दहा गुंठ्यांच्या वाडीला जेमतेम पाच हजार! नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. तोवर घर कशावर चालावे, हा रकाना त्या हिशेबात नव्हताच.