चोरघंटा : कमी खर्चात, आपल्याच हातांनी
(कर्जत-खालापूर तालुक्यांच्या बैठकीतील भाषण)



लावणी सुरू झाली की आपल्या दोन्ही तालुक्यांतल्या गावांत दिवसा घराघराला कुलूप असते. बाया-माणसे खाचरात, पोरे लोकलने कल्याण-ठाण्याकडे, नाहीतर खोपोली-रसायनीच्या कारखान्यांत. घरात मात्र कणगीत भात, कपाटात मुलीच्या लग्नाचे दागिने आणि पडवीत पाण्याची मोटार. शहरातली सोसायटी वर्गणी काढून पहारेकरी ठेवते. आपल्याला ते परवडत नाही. म्हणून आज घंटेचा विषय घेतला आहे. बाजारात तिला बर्गलर अलार्म म्हणतात.

पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा. घंटा चोराला पकडत नाही, ती फक्त माणसांना हाक मारते. हाकेला ओ देणारा कोणी नसेल, तर तिच्यावर घातलेला पैसा पाण्यात गेला. तेव्हा कामे तीन आहेत : दार, घंटा आणि शेजार. तिसऱ्याला खर्च नाही, पण त्याच्याशिवाय पहिल्या दोघांना अर्थ नाही.

आधी दार. दोन आखूड स्क्रूंवर लटकलेला कोयंडा पहारीच्या एका झटक्यात निघतो. तो काढून चौकटीतून आरपार बोल्ट टाका. मागचे दार बहुधा कच्चे असते, त्याला आतून अडसर घाला. हे झाल्याशिवाय घंटेवर पैसा खर्चू नका.

आता घंटा. सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा भाग म्हणजे चुंबकी स्विच. स्विच चौकटीवर, चुंबक दाराच्या फळीवर. दार मिटल्यावर दोघांत एक सेंटिमीटरपेक्षा कमी फट राहावी. दार उघडले की चुंबक दूर जाते आणि स्विच सुटतो. लोखंडी दार चुंबकाचा जोर खाते, म्हणून तेथे खाली लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी द्या. सगळ्या दारा-खिडक्यांचे स्विच एकाच तारेत एकापुढे एक जोडा. या तारेतून बारीक प्रवाह सतत वाहत असतो आणि तो तुटला की भोंगा वाजतो. म्हणजे चोराने तार कापली तरी भोंगा वाजणारच. दुकानात हे विचारूनच यंत्र घ्या.

कौलारू घरात एवढ्याने भागत नाही. कौले काढून आत उतरणाऱ्याला दाराशी काय देणेघेणे? तेथे माजघरात अंगाची उष्णता ओळखणारा एक सेन्सर लावा. तो जमिनीपासून सात फुटांवर, चूल आणि ऊन यांच्याकडे तोंड न करता बसवावा. समोरून चालत येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा माणूस त्याला लवकर कळतो. घरात मांजर असेल तर जरा जपून. रोज रात्री मांजरासाठी भोंगा वाजू लागला, की ‘लांडगा आला रे आला’ होते आणि खऱ्या दिवशी कोणी उठत नाही.

विजेचे काय? खोपोलीच्या टाटांच्या केंद्रातून १९१५ सालापासून मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली. आपल्या वाड्यांत मात्र पावसाचा पहिला वारा सुटला की दिवे जातात. म्हणून बॅटरी नसलेले यंत्र घेऊच नका. हिशेब साधा आहे. बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासांची बंद बॅटरी पुरते. तिचे आयुष्य राखायला निम्मीच वापरायची, म्हणजे साडेतीन. अर्धा तास भोंग्यासाठी अर्धा राखून ठेवला की राहिले तीन. यंत्र नुसते जागे राहायला पन्नास मिलिअँपिअर घेत असेल तर दिवसाला एक पूर्णांक दोन लागतात. म्हणजे वीज गेल्यावर अडीच दिवसांची सोय झाली.

भोंगा वळचणीखाली, पाऊस आणि हात दोन्ही पोचणार नाहीत असा लावा. खोक्यावरच्या ११० डेसिबलला भुलू नका. तो आकडा बहुधा एक मीटरवरचा असतो. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की सहा डेसिबल कमी होतात. दहा मीटरवर ९०, शंभर मीटरवर ७०. शेजारच्या घरी रात्री तेवढे पुरते. पण पत्र्यावर पाऊस कोसळत असताना, तीन खाचरे पलीकडे वाकून लावणी करणाऱ्याला ते ऐकू येईल याचा भरवसा नाही. त्यासाठी फोन लावणारे यंत्र हवे. त्यात सिम घालतात. यंत्र फक्त टू-जीचे असेल तर जिओचे सिम त्यात चालणार नाही. यंत्र घेण्यापूर्वी, ते जेथे बसवणार तेथे उभे राहून कोणत्या कंपनीची रेंज येते ते पाहा, आणि सिमचा रिचार्ज संपू देऊ नका.

एक इशारा. काही जण पैसे वाचवायला कुंपणाच्या तारेत किंवा खिडकीच्या गजांत घरातली वीज सोडतात. ही घंटा नव्हे, हा फास आहे. त्यात चोरापेक्षा आपलेच पोर, आपलीच गाय किंवा शेजारी मरतो, आणि तो गुन्हाही आहे. घंटेची तार बारा व्होल्टचीच ठेवा. घरच्या विजेची जोडणी वायरमनकडून करून घ्या.

आता शेजार. दोन-तीन घरांनी आधीच ठरवावे : भोंगा वाजला तर कोण बाहेर पडणार, कोण ११२ नंबर लावणार. घरात एकट्याने शिरायचे नाही. चोर पळत असेल तर वाट अडवायची नाही. पोलीस येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. हद्द कर्जतची की खालापूरची हा वाद तुमच्या माथी मारू देऊ नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीतला असो, ठाण्याने खबर नोंदवायची आहे. तिची प्रतही फुकट मिळते.

आणि सर्वांत महत्त्वाचे. घंटा वाजली म्हणजे समोर दिसला तो चोर, असे नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरे पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात अफवेवरून तिघांचा जीव गेला. संशय आधी परक्यावर आणि गरिबावर जातो. कोणाचा काही पत्ता नसला की भीती वाढते आणि भीतीने गाव आंधळे होते. कोणते दार कधी उघडले हे घंटेने सांगितले, तर तेवढी तरी अफवा कमी होईल. पुढचे काम पोलिसांचे. पकडलेल्याच्या अंगाला हात लावायचा नाही, हे गावाने आधीच ठरवून ठेवावे.

मृगाआधी एकदा आणि भात घरात येण्याआधी एकदा घंटा वाजवून पाहा, बॅटरी तपासा. ज्या वाडीत एकालाही सगळा संच परवडत नाही, तेथे दोन घरांनी मिळून तार ओढा. चुंबकी स्विच फार महाग नाही. घंटा एका घरावर असो, कान सगळ्या वाडीने दिला पाहिजे.