रेंज रोव्हर मोटारीची कुळकथा

१९४७ सालीं ब्रिटनमधील रोव्हर कंपनीचे प्रमुख अभियंते मॉरिस विल्क्स यांनीं अँगल्सी बेटाच्या किनाऱ्यावर वाळूंत एका नव्या गाडीची आकृति रेखाटली, असें सांगतात. महायुद्ध संपून दोनच वर्षें झालीं होतीं. पोलादाची टंचाई होती. अल्युमिनियम मात्र मिळूं शके. म्हणून शेतकऱ्यासाठीं योजिलेल्या या गाडीचा सांगाडा पोलादी व अंग अल्युमिनियमच्या मिश्रधातूचें झालें. एप्रिल १९४८ मध्यें ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनांत ती ‘लँड रोव्हर’ या नांवानें लोकांपुढें आली. ही गाडी चिखलधोंड्यांतून सहज जाई. परंतु तिच्या पोलादी पाट्यांच्या ताठर स्प्रिंगांमुळें आंत बसणाराचीं हाडें खिळखिळीं होत.

शेतांत चालेल आणि रस्त्यावरहि सुख देईल अशी गाडी करतां येईल काय? विल्क्स यांचे भाचे स्पेन किंग आणि त्यांचे सहकारी गॉर्डन बॅशफर्ड यांनीं हा प्रश्न हातीं घेतला. त्यांनीं पाट्यांऐवजीं वेटोळ्याच्या लांब स्प्रिंगा बसविल्या. खाचखळग्यांत चाक खूप वरखालीं झालें तरी जमीन सोडीनासें झालें, त्यामुळें चिखलांत पकड टिकली. आणि त्याच कारणानें रस्त्यावरचा धक्काहि प्रवाशापर्यंत पोंचेनासा झाला. या गाडीचें मर्म येथेंच आहे. तिचें सुख गरजेच्या पोटीं जन्मास आलें.

इंजिन मूळचें अमेरिकन. ब्यूक मोटारीसाठीं बनलेलें आठ सिलिंडरांचें हलकें अल्युमिनियमचें इंजिन अमेरिकेंत मागें पडलें होतें; त्याचे हक्क रोव्हरनें १९६५ सालीं मिळविले. साडेतीन लिटरच्या त्या इंजिनाची शक्ति चारहि चाकांना सतत मिळे. अशी ही ‘रेंज रोव्हर’ जून १९७० मध्यें प्रकट झाली. तिला दोनच दारें होतीं, आणि आंतली बाजू पाण्यानें धुऊन काढावी इतकी साधी होती. तरीहि तिची आकृति एवढी रेखीव होती, कीं पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत ती मांडण्यांत आली. १९७१-७२ सालीं ब्रिटिश सैनिकांच्या मोहिमेनें अशा दोन गाड्या अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत नेल्या. वाटेंत दारिएनचें रस्ता नसलेलें दलदलीचें अरण्यहि ओलांडलें.

पुढें धनिकांची दृष्टि तिच्याकडे वळली. १९८१ मध्यें चार दारें आलीं, लवकरच आपोआप बदलणारे गियर आले. मग कातडी बैठकी व लांकडी सजावट आली, आणि १९९२ मध्यें हवेच्या स्प्रिंगाहि आल्या. पहिली पिढी १९९६ पर्यंत बनत राहिली. तत्पूर्वींच, १९९४ मध्यें, दुसरी अवतरली होती. या काळांत मालकहि बदलले. बीएमडब्ल्यूच्या अमलांत आंखलेली तिसरी पिढी फोर्डच्या मालकींत बाहेर पडली. तिच्यांत स्वतंत्र सांगाडा जाऊन अंग व सांगाडा एकजीव झाले. २००८ मध्यें टाटा मोटर्सनें हा व्यवसाय विकत घेतला. २०१२ च्या चौथ्या पिढीचें सारें अंग अल्युमिनियमचें झालें व तिचें वजन शेंकडों किलोंनीं घटलें. पांचवी पिढी २०२१ मध्यें आली. सॉलिहलच्या कारखान्यांत बनणारी ही गाडी २०२४ पासून पुण्यांतहि जुळविली जाऊं लागली.

या थाटामाटाचें कौतुक तिच्या जनकास मात्र नव्हतें. २०१० सालीं निवर्तलेल्या किंग यांनीं २००४ मध्यें, वृद्धपणीं, शहरांत मुलांना शाळेंत पोंचविण्यासाठीं असल्या अवजड गाड्या वापरणारांवर उघड टीका केली. आपली गाडी प्रतिष्ठेची खूण म्हणून निर्माण झाली नव्हती, असें त्यांचें म्हणणें होतें.

त्यांचा आक्षेप रास्त होता. चिखलांत चाक टिकविण्याची विद्या पांचहि पिढ्यांनीं सांभाळली आहे. पांचवी पिढी तर ९०० मिलिमीटर खोल पाण्यांतूनहि जाऊं शकते. परंतु शहरांतल्या मालकाला तें पाणी क्वचितच भेटतें, आणि न लागणाऱ्या सामर्थ्याचें ओझें मात्र रोज रस्त्यावरून फिरतें. गरजेंतून उपजलेलें सुख आणि मिरविण्यासाठीं घेतलेलें सुख यांतला भेद यंत्रास कळत नाहीं; तो घेणारानेंच ओळखावयाचा असतो.